नानांना विचारा: अंगणातला स्टुडिओ आणि शेजारच्या आजी

या वेळी टपालात आणि व्हॉट्सअॅपवर मिळून निम्मे प्रश्न आवाजाचेच आलेत. आता गावागावात पोरं मोबाईलवर गाणी करायला लागलीत, कुणाच्या गच्चीवर कीबोर्ड तर कुणाच्या गोठ्यात ढोलकी, आणि शेजारी वैतागलेले, त्यामुळे साहजिकच आहे म्हणा. म्हणून पाण्याच्या टाकीचे आणि ओल आलेल्या भिंतींचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, रागावू नका.

प्रश्न: नाना, मी चाळीसगावचा. घरामागे परसात 20 बाय 25 फूट जागा मोकळी आहे, एक निंबाचं झाड, दोन पेरू आणि आईची तुळस. तिथे 12 बाय 15 ची खोली बांधून अहिराणी गाण्यांचा स्टुडिओ काढायचाय. गाणं, ढोलकी, बँजो, कीबोर्ड, आणि पुढेमागे ड्रमसेट पण घ्यायचा विचार आहे. शेजाऱ्याची भिंत 10 फुटावर. मिस्त्री म्हणतो पत्र्याचं शेड मारू, आतून फोम चिकटवू, महिन्याभरात काम फत्ते. दुसरा एक जण हलक्या ब्लॉकची भिंत सुचवतोय, म्हणे ती साऊंडप्रूफच असते. कुणाचं ऐकू?

उत्तर: भाऊ, दोघांचंही ऐकू नका.

आवाज अडतो तो वजनाने. फोमने नाही, कार्पेटने नाही, वजनाने. पत्र्याचं वजन चौरस मीटरला चार-पाच किलो, दोन इंच फोमचं जेमतेम किलो-दीड किलो, आणि दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेल्या 9 इंची विटांच्या भिंतीचं साडेचारशे किलोच्या आसपास. आता तुम्हीच सांगा ढोलकीला कोण जुमानणार नाही. हिशोब असा की भिंतीचं वजन दुप्पट केलं की 5-6 डेसिबल जास्त अडतात, त्यामुळे पत्र्यावर आणखी एक पत्रा मारून काही होत नाही, आणि वर पाऊस पडला की तुमचं रेकॉर्डिंग गेलंच. हलके ब्लॉक वाईट नाहीत, उन्हाला चांगले आहेत, पण ते हलके असतात हाच तर त्यांचा गुण, 8 इंची भिंत प्लास्टर धरून दीडशे-पावणेदोनशे किलोवर थांबते, म्हणून आवाजाला विटेची बरोबरी करत नाहीत. लाल वीट घ्या किंवा राखेची वीट घ्या, दीपनगरच्या वीज केंद्राच्या राखेच्या विटा आपल्याकडे मिळतात, वजनदार असतात, चालतील. आपल्या आजोबांची धाब्याची घरं आठवा, दीड-दोन फुटी मातीच्या भिंती आणि वर मातीचं धाबं, बाहेर गल्लीत वाजंत्री चालली तरी आत बाळ झोपलेलं असायचं, ते काय उगाच नव्हतं.

आता किती आवाज अडवायचा ते बघू. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, त्यात रहिवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबलची मर्यादा, आणि खाजगी जागेतल्या साऊंड सिस्टीमचा किंवा वाद्याचा आवाज तुमच्या हद्दीच्या रेषेवर त्या मर्यादेपेक्षा 5 ने जास्त जाता कामा नये. ड्रमसेट जोरात वाजवला की खोलीत 105-110 होतो. म्हणजे रात्री वाजवायचं तर साठेक डेसिबल मधेच मारावे लागणार. 9 इंची भिंत एकटी 50 च्या जवळपास मारते. नुसतं गाणं आणि ढोलकी असती तर मी म्हणलो असतो एवढ्यावर भागवा, पण तुम्ही ड्रमसेटचं नाव काढलंय.

म्हणून खोलीत खोली. बाहेरची भिंत विटेची, आणि आत तिला कुठेही न टेकणारी दुसरी खोली, जीआय चॅनलचा म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांधे एकावर एक न येऊ देता, आणि दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेली लोकरीसारखी गादी. टेकणारी नाही म्हणजे खरंच टेकणारी नाही बरं का, सुताराने सवयीने एखादा लांब स्क्रू आरपार बाहेरच्या भिंतीत मारला की तेवढ्या ठिकाणी आवाजाला पूल मिळाला. वरचं छत पण आतल्या भिंतींवर बसवा, स्लॅबला लटकवू नका. आणि मधे तिसरा पडदा नको, काही लोक जास्तीचं म्हणून पोकळीतच आणखी एक बोर्ड ठोकतात, त्याने हवेचे दोन पातळ कप्पे होतात आणि ढोलकीच्या धुमाचा, ड्रमच्या किकचा खालचा आवाज उलटा जास्त बाहेर जातो. पैसे देऊन बिघडवायचं काम.

या सगळ्यात जागा खाल्ली जाते ते कुणी आधी सांगत नाही. बाहेरून 12 बाय 15 धरली तर विटेच्या आत साडेदहा बाय साडेतेरा उरते, आतल्या सांगाड्यानंतर साडेनऊ बाय साडेबाराच्या वर काही नाही. म्हणून बाहेरून 14 बाय 17 घ्या, जागा आहे तुमच्याकडे, फक्त नगरपालिकेत नकाशा दाखवून साईड मार्जिन, म्हणजे हद्दीपासून सोडायची जागा, आणि परवानगी आधी बघा, बांधून झाल्यावर नको. आणि लांबी रुंदी उंची सारखी ठेवू नका. 10 बाय 10 बाय 10 ची खोली केली की 56 हर्ट्झच्या आसपासचा सूर तिन्ही दिशांनी एकदम घुमतो, मग मिक्सिंगला बसलात की एक सूर डोक्यात आणि बाकीचे गायब, आणि तुम्ही दोष देणार स्पीकरला.

पाया. चाळीसगाव म्हणलं की काळी माती आलीच, आणि काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तुमच्या गवंड्याला हे माहीत आहे पण परसातली छोटी खोली म्हणून तो दोन फूट खोदून मोकळा होईल. होऊ देऊ नका. काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत जा, प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीला भिंतींखालून फिरणारी काँक्रीटची तुळई, घ्या, आणि प्लिंथमध्ये उकरलेली काळी माती परत न टाकता मुरूम टाकून धुम्मस करा. घर तडकलं तर दिसायला वाईट दिसतं, स्टुडिओ तडकला तर तडीतून आवाज जातो. निंबापासूनही थोडे लांब राहा, झाड तोडू नका, पश्चिमेकडून सावली देत असेल तर ते तुमचं अर्धं एसीचं बिल आहे.

वर स्लॅबच टाका, 4-5 इंची.

आता भोकं. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी पुतण्यासाठी घरामागे अशीच खोली केली, 9 इंची भिंत, दोन दरवाजे, सगळं मी स्वतः उभं राहून. पहिल्या रात्री पोरांनी दोन वाजेपर्यंत वाजवलं, मी बाहेर अंगणात उभा राहून ऐकलं, काही नाही, छाती फुगली. सकाळी शेजारच्या आजी कडीपत्ता न्यायला आल्या आणि म्हणाल्या, काय भाऊ, काल रातले तुना पोऱ्या तिसरा अंतराले चुकना ना? मला वाटलं मस्करी. मग बघतो तर एसीचा पाणी जायचा पाईप, दोन इंची, भिंतीतून सरळ त्यांच्या न्हाणीच्या बाजूला काढलेला, एसीवाल्याने भोक चार बोटं मोठं पाडून नुसतं तसंच सोडलेलं, आणि अंगणात मी उभा होतो दुसऱ्या बाजूला. हिशोब करा, 120 चौरस फूट भिंतीत दोन इंची भोक म्हणजे काहीच नाही, तरी 50 ची भिंत 37-38 वर येते. आणि एक फूट बाय सव्वा फुटाचं साधं व्हेंटिलेटर उघडं राहिलं, म्हणजे भिंतीचा शंभरावा भाग, की तीच भिंत 20 ची होते. तुम्ही मग 9 इंच बांधा नाहीतर 18 इंच बांधा.

म्हणून वायरिंगचे पाईप, एसीची नळी, स्विचचे बॉक्स, बोर्डाच्या कडा, सगळीकडे न वाळणारं अॅकॉस्टिक सीलंट भरा, पांढरी पुट्टी नाही, ती चार महिन्यांत सुटते. बाहेरच्या आणि आतल्या भिंतीतलं भोक समोरासमोर नको. दरवाजे दोन, मधे माणूस उभा राहील एवढी जागा, दोन्ही भरीव लाकडाचे, चारी बाजूंनी रबरी गॅस्केट, खाली उंबरठा असा की दार त्यावर दाबून बसेल. फ्रिजचं दार कसं चिकटतं, तसं चिकटलं पाहिजे. पोकळ फ्लश डोअर बसवून वर रेक्झिनची गादी ठोकतात ते सिनेमातलं. तपासणी सोपी आहे, अमावास्येच्या आसपास रात्री आत मोठा दिवा लावा आणि बाहेरून फिरा, उजेडाची रेघ दिसली की तिथून आवाजही जाणार, आणि मग दारापाशी उदबत्ती धरा, पंखा लावून, धूर कुठे ओढला जातो ते बघा.

आता खरी गोष्ट. तुम्ही एवढी हवाबंद खोली केलीत, आणि आपण खान्देशात राहतो. मे महिन्यात 44-45 डिग्री. आत चार पोरं, प्रत्येक माणूस शंभर वॅटच्या बल्बएवढी गरमी सोडतो, वर अँप्लिफायर आणि कॉम्प्युटर. पुण्या-मुंबईचे व्हिडीओ बघून लोक स्टुडिओ बांधतात आणि एप्रिलमध्ये दार उघडं ठेवून रेकॉर्डिंग करतात, मी तीन बघितलेत. कूलर चालणार नाही, कूलरला उघडी खिडकी लागते, आणि त्या ओलसर हवेने ढोलकी-तबल्याची पुडी उतरते ते वेगळंच. स्प्लिट एसी लावा, पण एक लक्षात ठेवा की स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. दीड तासात पोरं जांभया द्यायला लागतात, डोकं जड होतं, आणि म्हणतात आज मूड नाही. मूड नाही कसला, हवा नाही.

त्यासाठी दोन पेट्या करायच्या, एक हवा आत यायला, एक बाहेर जायला. जाड प्लायची लांबट पेटी, आत दोन-तीन वळणं येतील अशा आडव्या फळ्या, आणि आतून सगळीकडे रॉकवूल, वर काळं कापड. हवा वळणं घेत येते, आवाज प्रत्येक वळणावर रॉकवूलमध्ये जिरतो. एक पेटी बाहेरच्या भिंतीला, एक आतल्या भिंतीला, मधे लवचिक डक्ट, आणि पंखा बाहेरच्या टोकाला म्हणजे त्याची घरघर माईकवर येत नाही. डक्ट मोठा घ्या, हवा हळू आली पाहिजे, बारीक पाईपमधून जोरात आली की सुसाट वाजते. ही पेटी मिस्त्रीला समजावून सांगायला तुम्हाला अर्धा दिवस लागेल, कागदावर चित्र काढून द्या. स्लॅबवर वरून चुन्याचा पांढरा हात दरवर्षी मारायला विसरू नका, आणि टेक घेताना एसी बंद करायचा, जाड भिंत दहा-पंधरा मिनिटं थंडावा धरते तेवढ्यात एक गाणं होतं.

फोमचं काम शेवटी येतं, आणि ते बाहेर जाणारा आवाज अडवायला नाही, आतला घुमणारा आवाज जिरवायला. त्याला पण फोमपेक्षा चार इंची रॉकवूलच्या चौकटी करून सुती कापडात गुंडाळा, कोपऱ्यांत जाड, बाकी भिंतींवर अधूनमधून. सगळी खोली झाकली की गाणं मेल्यासारखं होतं. आपल्याकडे रुई मुबलक म्हणून कापूसच भरू का असं एकाने मागे विचारलं होतं. आवाज जिरवतो कापूस, पण ठिणगी पडली की संपलं, आणि उंदीर पहिल्याच पावसाळ्यात संसार थाटतात. रॉकवूल जळत नाही. हाताळताना फुल बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला मास्क, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल.

पैसे कमी पडले तर ड्रमसेट पुढे ढकला, आतली खोली पण पुढे ढकला, पण पाया, वीट, स्लॅब, दोन दारं आणि हवेची पेटी यात काटकसर नको, ती नंतर सुधारता येत नाही.

प्रश्न: माझ्या मित्राने खोलीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, म्हणतो साऊंडप्रूफ झाली. मी पण करू का? (एक विद्यार्थी, धुळे)

उत्तर: मित्राला आत वाजवायला सांग आणि तू बाहेर गल्लीत उभा राहून ऐक. पुठ्ठ्याचा ट्रे आहे तो, वजन नाही काही नाही, वरचे बारीक सूर किंचित मऊ होतात म्हणून आतल्या माणसाला वाटतं फरक पडला. झुरळं होतात आणि आग पकडतो. जळगावच्या प्लास्टिक चटया भिंतीला लावणारेही भेटलेत मला, चटई झोपायला चांगली.

प्रश्न: आमचं घर भुसावळला रेल्वे लाईनच्या जवळ. मुलगी हार्मोनियम आणि गाणं शिकते, वरच्या खोलीत रेकॉर्ड करून गुरुजींना पाठवते, पण प्रत्येक वेळी इंजिनाची शिट्टी येते. खोली बांधायची ऐपत नाही. काही स्वस्तात होईल का? (एक आई)

उत्तर: ताई, भिंतीला हात लावू नका, आवाज खिडकीतून येतोय. आहे त्या खिडकीच्या आतून दुसरी खिडकी बसवा, दोन्ही काचांत निदान चार इंच अंतर, आणि दोन काचा वेगवेगळ्या जाडीच्या, एक 5 मिमी तर दुसरी 8, म्हणजे दोघी एकाच सुराला थरथरत नाहीत. बाहेरच्या खिडकीच्या स्लायडिंग पट्टीत जी फट असते ती आधी रबराने बंद करा, निम्मं काम तिथेच होईल. शिट्टी बरीच दबेल. मालगाडीची जी जमिनीतून धडधड येते ती मात्र काचेने जाणार नाही, ती घरासकट हलते, त्याला सध्या गाडी जाऊ देणं हाच उपाय. आणि तोपर्यंत खुर्चीच्या मागे दोन जाड गोधड्या दोरीवर टाकून मुलीला त्यांच्याकडे पाठ करून बसवा, माईक तिच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर, गुरुजींना ऐकायला फरक लगेच कळेल.

प्रश्न: शहाद्याला शेजारी बँड पार्टीची प्रॅक्टिस चालते. कंपाऊंडला बांबू आणि मेंदीची दाट कुंपणं लावली तर आवाज थांबेल का?

उत्तर: नाही हो. दहा-वीस फुटाच्या झाडीने आवाज मोजण्याइतकाही कमी होत नाही, फक्त बँडवाले दिसेनासे होतात म्हणून मनाला बरं वाटतं. बांधायचीच तर विटेची कंपाऊंड भिंत बांधा, इतकी उंच की तुमच्या ओट्यावरून त्यांचे ताशे दिसू नयेत, नजर अडली की 5 एक डेसिबल कमी होतात. आणि रात्री दहाच्या पुढे वाजवत असतील तर वरती नियम सांगितलाय, तो घेऊन आधी त्यांच्याकडे चहाला जा, पोलीस चौकी नंतर.

प्रश्न: नाना, आम्ही पाचोऱ्याचे. मुलाने घरामागे स्टुडिओ बांधला, चांगला झालाय, बाहेर काहीच ऐकू येत नाही. पण माझी वेगळीच काळजी आहे. रात्री दोन-दोनपर्यंत एकटा आत असतो, आतून कडी लावतो. काही झालं तर आम्हाला कसं कळणार? (एक आई)

उत्तर: ताई, इतक्या पत्रांत हे एकट्या तुम्हालाच सुचलं, आणि बरोबर सुचलं. जी खोली आवाज बाहेर जाऊ देत नाही ती हाकही बाहेर जाऊ देत नाही. आतली कडी आजच काढून टाका, कुलूप हवंच तर बाहेरून किल्लीने आणि आतून नुसत्या मुठीने उघडणारं. दोन्ही दारं बाहेरच्या बाजूला उघडतील अशी फिरवून घ्या, आत कुणी दारापाशी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्या अंगावरच अडतं. दोन्ही दारांत छोटी जाड काच बसवा, फटी सीलंटने बंद करून, म्हणजे येताजाता डोकावता येतं. धुराचा अलार्म आत लावाच, आणि त्याला जोडून दुसरा घरात वाजेल असा घ्या, आतलाच नुसता वाजला तर तुम्हाला काही कळायचं नाही. आणि बेल लावू नका, बेल माईकवर येते, हेडफोन घातल्यावर ऐकूही येत नाही. लाल दिवा लावायचा, आत त्याच्या स्क्रीनच्या वर, आणि त्याचं बटण तुमच्या स्वयंपाकघरात ओट्याजवळ. भाकरी तव्यावर टाकली की दाबायचं.